माईंनी न पाहिलेला उत्तररंग

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. दारावर पाटी आहे, ‘पूर्वरंग व्हिडिओ मिक्सिंग’. नाव मीच ठेवलं. कीर्तनावर माझा लहानपणापासून जीव, आणि बुवा नमन करून पूर्वरंगाला उभे राहिले की जगात सगळं ठीक आहे असं वाटतं, म्हणून. पहिलं वर्षभर लोक विचारायला यायचे, “भाभीजी, डिस्टेंपर रखते हो क्या?” मी त्यांना बसवायची, पाणी द्यायची, आणि घरात कुणाचं लग्न ठरलंय का ते विचारून घ्यायची. डिस्टेंपर कधी विकला नाही, पण आलेलं माणूस रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही.

काम मी चाळिशीत शिकले. आमच्या ह्यांची, म्हणजे पंढरीनाथांची, मिल बंद पडली तेव्हा मी छावणीतल्या एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम चिकटवायला जायला लागले. अल्बमवरून व्हीसीआरवर, व्हीसीआरवरून कॉम्प्युटरवर. सुरुवातीला तिथली पोरं म्हणायची, “रहने दो भिया, आंटी से नहीं होगा.” आता त्यांचं सॉफ्टवेअर अडकलं की तीच पोरं हार्ड डिस्क पिशवीत घालून माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी चहा पाजते आणि मग त्यांची चूक दाखवते.

हे मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. बावीस वर्षं कापड तपासलं. तिरप्या काचेवरून कापड सरकत जायचं, काचेमागे दिवा, आणि हे उभे राहून बघायचे. कुठं गाठ, कुठं तेलाचा डाग, कुठं धागा तुटलेला. निर्दोष ताग्यावर ‘फ्रेश’चा शिक्का, दोष असेल तर ‘सेकंड्स’चा. आता सियागंजात एका ठोक किराणावाल्याकडे डाळी-मसाले तपासतात. दुपारी जेवायला घरी येतात तेव्हा शर्टाला धण्याचा वास असतो.

तर दोन हजार तीनच्या आषाढात एक दिवस छत्रीबागेतले अप्पासाहेब आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीतले गृहस्थ. पण माझ्या लेखी त्यांची ओळख एकच, कीर्तनकार शंकरबुवांचे चिरंजीव. बुवांना जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्यांचं नाव निघालं की माझा हात आपोआप छातीशी जातो.

अप्पासाहेबांनी टेबलावर पत्र्याचा डबा ठेवला. आत एक छोटं फिल्मचं रीळ आणि एक टेपचं स्पूल.

“मिलचे बंगले रिकामे करतायत ना,” ते म्हणाले. “तिथं विव्हिंग मास्तरांच्या माळ्यावर हे सापडलं. त्यांच्या मुलानं आणून दिलं. चौसष्ट सालचा मिलचा गणेशोत्सव, बाबांचं कीर्तन. मास्तरांना कॅमेऱ्याचा शौक होता.”

“चौसष्ट?” मी म्हटलं. “अप्पासाहेब, मी होते त्या मांडवात! माझे वडील टाइम ऑफिसात. अगदी पुढच्या सतरंजीवर बसायचे मी, परकर सावरून.”

“मग तुम्हीच करा हे काम, अरुंधतीताई. श्रावणात बाबांची जन्मशताब्दी आहे. हॉल घेतलाय. मोठ्या पडद्यावर दाखवायचंय.”

ओळखीच्या एका म्हाताऱ्या कॅमेरामनकडून प्रोजेक्टर आणला, पुढच्या खोलीची भिंत ओल्या फडक्यानं पुसली, अप्पासाहेबांना बोलावून घेतलं, पडदे ओढले आणि रीळ लावलं. समोर कॅमेरा ठेवून भिंतीवरचं चित्र उतरवून घ्यायचं होतं.

भिंतीवर बुवा उभे राहिले. पगडी, अंगरखा, हातात चिपळ्या, मागे मिलचा गणपती. आवाज नाही, पण ओठ हलत होते आणि मान डोलत होती. एक मिनिट पन्नास सेकंद. मग मध्यंतर झालं, कुणीतरी बुवांना हार घातला, बुक्का लावला. बुवा आख्यानासाठी पुन्हा उभे राहिले, त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याला हात घातला, आणि भिंत पांढरी झाली. पुढच्या निम्म्या रिळाला ओल लागली होती. चित्र खाऊन टाकलेलं. नुसत्या रेघा आणि डाग धावत होते.

टेप मात्र ठणठणीत निघाली. पूर्वरंग, मध्यंतर आणि अख्खं आख्यान, शेवटच्या जयजयकारापर्यंत.

अप्पासाहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “ताई, एक गोष्ट सांगतो. माईनं बाबांचा उत्तररंग आयुष्यात कधी पाहिला नाही.”

“असं कसं?”

“मध्यंतर झालं की ती उठायची. प्रसादाचा शिरा तिच्याकडे असायचा. मिलमध्ये असो, देवळात असो, बाबांनी आख्यानाला उपरणं काढलं की माई चुलीपाशी. चाळीस वर्षं! लोक घरी येऊन सांगायचे, बुवांनी काय राणी उभी केली! आणि ही म्हणायची, असेल बाई, माझा रवा करपत होता. आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. परवा म्हणाली, अप्पा, एकदा बघायला हवं होतं रे.” त्यांनी चष्मा पुसला. “म्हणून म्हणतो, जे गेलंय ते बनवायचं. आमचा अर्पित अगदी बाबांसारखा दिसतो. त्याला उभा करू, तुम्ही ते जुनं करा. करता येतं ना कॉम्प्युटरवर?”

“येतं की,” मी म्हटलं. “मला येतं.”

अर्पित त्यांचा मुलगा, चोवीस-पंचविशीचा. मोबाइल कंपनीची कनेक्शनं विकायचा. नाक बुवांचं, मराठी मात्र इंदूरचं. आख्यान होतं एका देवळाच्या द्वारपालाचं. राजा, राणी, शेठ, साधू सगळ्यांना तो आत सोडतो, आणि स्वतः जन्मभर उंबऱ्याबाहेर. टेप ऐकून अर्पित पहिल्याच दिवशी म्हणाला, “काकू, द्वारपाल म्हणजे वॉचमनच ना?”

“वॉचमनच. पण तू त्याला वॉचमन म्हणून उभा राहिलास तर बुवा वरून चिपळी फेकून मारतील.”

“टेन्शन मत लो काकू. तयारी सॉलिड करतो.”

आणि खरंच केली. पंधरा दिवस कानात वायर घालून मोटरसायकलवर आख्यान ऐकत फिरला. मित्रांना वाटायचं, नवीन पिक्चरची गाणी ऐकतोय. बुवा कुठं श्वास घेतात, कुठं थांबतात, सगळं ओठांवर आलं. देवळाच्या सभामंडपात आम्ही शूटिंग केलं. मागे गणपती, अंगावर बुवांचाच अंगरखा. त्यानं उपरणं डोक्यावरून घेतलं तेव्हा माझ्या हातातला कॅमेरा हलला. तो भाग परत घ्यावा लागला.

आता माझं काम. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फिल्मचा इफेक्ट तयारच मिळायचा. एक बटण दाबलं की चित्र काळं-पांढरं, वरून उभ्या रेघा, धुळीचे ठिपके, उजेड कमी-जास्त. मी तो लावला, कडा जराशा काळवंडल्या आणि अप्पासाहेबांना बोलावलं.

“वा! क्या बात है!” ते खुर्चीतून उठलेच. “ताई, हुबेहूब!”

हे जेवायला आले होते. दाराशी उभे राहून बघत होते. उजव्या हाताचं बोट चौकटीवर हळूच आपटत होतं. टक्, थोडा वेळ, टक्, थोडा वेळ.

“ही रेघ परत आली,” हे म्हणाले.

“कुठली रेघ?”

“उजवीकडची, वरचं टोक वाकडं असलेली. तिच्यामागून तो ठिपका, मग डावीकडे केस. आता परत येईल बघ. हं. आली.”

मी मागे नेऊन पाहिलं. दर चार सेकंदांनी तीच रेघ, तोच ठिपका, तोच केस. सॉफ्टवेअरवाल्यानं चार सेकंदांची धूळ बनवून तीच गोल गोल फिरवली होती. दहा वेळा पाहून मला दिसलं नव्हतं.

“अहो पंढरीनाथ, एवढं कोण बघतंय?” अप्पासाहेब म्हणाले.

“मी बघतोय ना,” हे म्हणाले. “कापडावर डाग सारख्या अंतरानं आला की आम्ही धाग्याला दोष देत नसू. रोलरवर काहीतरी चिकटलंय, तो रोलर काढा, असं सांगायचो. हा तुमचा जुनेपणा रोलरचा आहे. आणि जुनं कापड असं सगळीकडे सारखं विरत नाही. घडीवर विरतं, किनारीला विरतं, जिथं हात लागतो तिथं विरतं. मध्ये हातभर कोरंच्या कोरं राहतं.”

अप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आठ दिवस द्या. आणि हो, ह्यांचं म्हणणं बरोबर आहे.”

“वाटलंच,” अप्पासाहेब म्हणाले. “घरचंच तपासणी खातं आहे तुमच्याकडे.”

त्या दिवसापासून हे सियागंजातून आले की हात धुऊन माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. बुवांचं खरं रीळ आम्ही काचेवरच्या कापडासारखं इंच इंच पाहिलं. सुरुवातीला रेघा जास्त, कारण रीळ लावताना तिथंच बोटं लागतात. मग बराच वेळ स्वच्छ. मास्तरांनी कॅमेरा थांबवून परत सुरू केला तिथं एक पांढरा झटका. चित्र डावी-उजवीकडे किंचित डुलत होतं, तेही सारखं नाही, एखादा माणूस तंद्रीत मान हलवतो तसं. आणि सेकंदाला चित्रं सोळाच, म्हणून बुवांचा हात जरा घाईनं चालल्यासारखा दिसायचा.

सोळा चित्रं मी केली. डुलणं हातानं घातलं, एकेक सेकंद पुढे सरकत. पण रेघा काही जमेनात. मी काढलेली प्रत्येक रेघ मी काढलेलीच दिसायची.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, “ते उरलेलं रीळ कुठंय?”

“कुठलं? ओलीनं गेलेलं? त्यात चित्रच नाही.”

“चित्र नाही, पण रेघा आहेत ना? चित्र तुझ्याकडे आहे.”

मिलमध्ये ह्या माणसाला एवढी वर्षं नुसत्या शिक्क्यापाशी का उभं केलं होतं कोण जाणे.

ते गेलेलं रीळ पुन्हा प्रोजेक्टरवर लावलं. एका ठिकाणी चिकटलेले वेढे ह्यांनी नखानं न ओढता, नुसत्या तळव्याच्या उबेनं सोडवले. भिंतीवर दोन मिनिटं रेघा आणि डाग धावले, ते मी कॅमेऱ्यात घेतले. कॉम्प्युटरवर पांढरं तेवढं गाळलं, रेघा-डाग ठेवले आणि अर्पितच्या चित्रावर अंथरले. मिलच्या मांडवातलं आख्यान आटोपशीर, दहा मिनिटांचं, रेघा दोन मिनिटांच्या. म्हणून काही उलट्या चालवल्या, काही डावी-उजवी बदलून लावल्या, आणि ह्यांच्यासमोर तपासणीला धरल्या. “परत आली” असं ऐकलं की बदलायचं. सहाव्या दिवशी त्यांचं बोट टेबलावर आपटायचं थांबलं.

पडद्यावर बुवा उपरण्याला हात घालत होते, पांढरा झटका येत होता, आणि पुढच्या क्षणी बुवाच उपरणं डोक्यावर घेऊन राणी होत होते. कुठं एक संपलं आणि कुठं दुसरं सुरू झालं ते मला, करणारीला, सांगता आलं नसतं. मी संगणकापुढे हात जोडले. आपल्या कामाचा गर्व करू नये म्हणतात, पण मला झाला. खरं तेच सांगते.

अप्पासाहेब अर्पितला घेऊन आले. पहिल्यांदा पाहताना रडले, दुसऱ्यांदा पाहताना हसले. मग खिशातून पत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘शंकरबुवांच्या संपूर्ण कीर्तनाची दुर्मिळ चित्रफीत’.

“आता कुणाला काही सांगायचं नाही,” ते म्हणाले. “रीळ पूर्ण सापडलं, बस. माईला वाटू दे की हे बाबाच आहेत. अर्पितचा विषयच काढायचा नाही.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे स्टुलावर बसून पत्रिका वाचत होते. त्यांनी ती उलटून ठेवली.

“पंढरीनाथ, काय झालं?”

“काही नाही. माल उत्तम आहे. पण शिक्का चुकलाय. सेकंड्सचं कापडसुद्धा चांगलंच असायचं, साहेब. लोक हौसेनं न्यायचे, आमच्या घरचे सगळे पडदे सेकंड्सचे. पण मी कधी त्यावर फ्रेश मारलं नाही.”

“हे कापड नाही हो! माझी आई आहे!”

“म्हणून तर,” मी म्हटलं. माझ्या डोक्यात मघापासून घोळत होतं ते आता सरळ झालं. “अप्पासाहेब, बुवा उपरणं डोक्यावर घ्यायचे आणि राणी व्हायचे. कमरेला गुंडाळायचे, द्वारपाल. खांद्यावर टाकायचे, राजा. मांडवात हजार माणसं, सगळी रडायची. फसलं होतं का कुणी? मी अकरा वर्षांची होते, मलासुद्धा माहीत होतं की हे बुवा आहेत. ते कधी पडद्याआड जाऊन लुगडं नेसून आले नाहीत. उपरणं सगळ्यांच्या देखत घेतलं आणि सगळ्यांच्या देखत सोडलं. तुम्ही मला पडद्याआड जायला सांगताय.”

“पत्रिका वाटून झाल्यात, ताई!”

“चित्रफितीच्या सुरुवातीला खरं काय ते लिहीन मी. मोठ्या अक्षरांत.”

“आणि माई? तिचा हिरमोड झाला तर? तिनं एवढी वर्षं...” त्यांचा आवाज चढला. “राहू द्या. राजवाड्याकडे दहा लॅब आहेत. दुसरीकडून करून घेतो.”

“खुशाल घ्या. पण तिथं रेघ परत आली तर मला सांगायला येऊ नका.”

ते उठलेच. तेवढ्यात अर्पित, जो इतका वेळ माझ्या टेबलावरची चिवड्याची बरणी संपवत होता, तो म्हणाला, “पप्पा, एक मिनिट. म्हणजे मी यात कुठेच नाही?”

“म्हणजे काय? सगळीकडे तूच आहेस.”

“दिसतोय मी, पण कुणाला सांगायचं नाही. पंधरा दिवस घासलं यार. उपरणं डोक्यावर घेऊन घेऊन मान अकडली. आणि क्रेडिट जीरो? आजीला मी आवडलो की नाही तेसुद्धा मला कळणार नाही. ती म्हणणार, वा, बुवा काय छान! मी बाजूला बसून काय करू, टाळ्या?”

अप्पासाहेब दारात थांबले. बाहेर त्यांची स्कूटर उन्हात तापत होती. परत येऊन ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो बुवांचं नाक घेऊन चिवडा खात होता.

“माईचा चेहरा पडला,” ते शेवटी मला म्हणाले, “तर जबाबदार तुम्ही.”

“घेतली जबाबदारी. मला दोन दिवस द्या.”

दोन दिवसांत मी केलं ते एवढंच. खरं रीळ संपतं, पडदा पांढरा होतो, तो पांढराच ठेवला. मग आजचा सभामंडप, रंगीत, लख्ख. अर्पित उभा. तो खिशातला मोबाइल काढून बाजूला ठेवतो, मनगटावरचं घड्याळ काढतो, गणपतीला नमस्कार करतो. हे मुद्दाम नव्यानं शूट केलं. मग तो खांद्यावरच्या उपरण्याला हात घालतो, आणि ते वर उचललं जाताना माझं काम सुरू होतं. आधी रंग उतरतात, आधी लाल, मग पिवळा. मग हात जरा घाईनं चालायला लागतो. मग चित्र डुलतं. सगळ्यात शेवटी, उपरणं डोक्यावर टेकतं तेव्हा, बुवांच्या रिळाची पहिली रेघ येते. आणि आख्यान संपून अर्पित उपरणं घडी करून पुन्हा खांद्यावर ठेवतो तेव्हा सगळं उलट्या क्रमानं परत, रंगापर्यंत.

ह्यांनी तीनदा पाहिलं. म्हणाले, “आता पास.”

श्रावणातल्या रविवारी दुपारी चारला हॉल भरला. मिलमधली जुनी माणसं आली होती, बरीचशी काठी टेकत. कुणाचा मुलगा गॅरेजवर नोकरीला, कुणाचा घरी बसलेला. एकमेकांच्या पाठीवर थाप मारून “काय रे, अजून आहेस?” चाललं होतं. माईंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. प्रभावतीबाई नाव, पण माईच म्हणायचे सगळे. नऊवारी, हातात काठी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्या एका बाजूला अप्पासाहेब, दुसऱ्या बाजूला मला बसवलेलं. पदर पिळून पिळून मी त्याची दोरी केली होती. तपासणी खातं मागे प्रोजेक्टरपाशी उभं.

पडद्यावर आधी माझी अक्षरं आली. पुढचं आख्यान बुवांच्या आवाजात, बुवांचे नातू अर्पित यांनी उभं केलेलं आहे. मागून कुणीतरी “हैं?” म्हणालं, कुणीतरी “चूप रे” म्हणालं. मग बुवा आले. एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं “रामकृष्णहरी” म्हटलं आणि सगळ्यांनी ते उचललं. माई पुढे वाकून बघत होत्या.

पूर्वरंग संपला. मध्यंतर झालं, बुवांना हार पडला, बुक्का लागला, त्यांनी उपरण्याला हात घातला.

माईंनी काठी रोवली आणि उठायला लागल्या.

“माई, काय झालं?” अप्पासाहेब घाबरले.

“काही नाही रे. शिरा बघते.”

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “माई, शिरा झालाय. झाकून ठेवलाय. तुम्ही बसा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग चोरी पकडल्यासारखं हसू. “अगंबाई,” म्हणाल्या, आणि बसल्या. काठी मात्र हातात तशीच रोवलेली.

पडद्यावर अर्पितनं मोबाइल बाजूला ठेवला. सभेत हशा पिकला. त्यानं घड्याळ काढलं, नमस्कार केला, उपरणं उचललं. लाल उतरला, पिवळा उतरला, आणि रेघ आली तेव्हा हॉलमध्ये हुं की चूं नाही. राणी आली. राजा आला. राजापुढे कमरेत वाकलेला द्वारपाल आला, त्यानं सगळ्यांना आत सोडलं. दुपारी देवळाचं दार बंद झालं, पुजारीसुद्धा जेवायला गेले, आणि द्वारपाल उंबऱ्याबाहेर एकटा भाकरीची शिदोरी सोडून बसला. तेव्हा आतून दार उघडलं. मुकुट काढून ठेवून देव बाहेर आले आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसले. “मला रोज गर्दी दिसते रे,” बुवांचा आवाज म्हणाला, “पाठमोरा तू तेवढा दिसतोस. आज म्हटलं, पुढून बघावं.”

मी पडदा बघतच नव्हते. माईंचा चेहरा बघत होते. आणि पलीकडून अप्पासाहेबही.

आख्यान संपलं, उपरणं घडी होऊन खांद्यावर आलं, रंग परत आले, टेपमधल्या चौसष्ट सालच्या सभेनं जयजयकार केला आणि हॉलमधल्या सभेनं त्यात आपला मिसळला. दिवे लागले. माईंनी डोळे पुसले नाहीत. गाल ओले तसेच ठेवून सरळ बसल्या होत्या.

“माई,” अप्पासाहेबांनी वाकून विचारलं, “कसं वाटलं?”

“पोरानं छान केलं. कुठाय तो?”

अर्पित धावतच आला, पायाशी बसला. “आजी, बोल ना. ठीक होतं?”

“द्वारपालाला जास्त वाकवलंस. तो राजाला वाकतो, पण त्याचा स्वतःचा एक ताठा असतो. चुलीपाशी आवाज यायचा मला, हे त्याला एवढं वाकू देत नसत.” त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “बाकी नाक चांगलं वापरलंस.”

मग अप्पासाहेबांकडे वळल्या. “आणि तू मला हा तुझे बाबा म्हणून दाखवणार होतास.”

अप्पासाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, मी काही बोलले नव्हते.

“तिच्याकडे काय बघतोस? पत्रिकेत ‘संपूर्ण’ छापलंस. मोठी अक्षरं मला अजून वाचता येतात. आणि हा आठ दिवस घरात उपरणं घेऊन आरशापुढे नाचत होता.” त्या थांबल्या. “मी पहिल्या पावलाला ओळखलं असतं, अप्पा. आणि तुझं तोंड बघून गप्प बसले असते. मग आख्यान कुठलं बघते मी? तुलाच सांभाळत बसले असते.”

अप्पासाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला.

मागे स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई विचारायला आली, प्रसाद वाटायला घ्यायचा का. सगळे माईंकडे पाहायला लागले, सवयीनं.

“थांबा जरा,” माई म्हणाल्या. “निवला तर निवू दे. अरुंधती, ते परत लावता येतं ना? पुढचंच लाव, आख्यान. मघाशी अर्धा वेळ माझा जीव रव्यात होता.”

मी मागे वळून ह्यांना खूण केली. हॉलमधले दिवे पुन्हा गेले, उठू लागलेली माणसं पुन्हा बसली. अर्पितनं पडद्यावर मोबाइल बाजूला ठेवला.

या वेळी माईंनी काठी हातातून सोडली आणि खुर्चीखाली आडवी ठेवून दिली.